साडेपाचला रेकॉर्डिंग बंद

मागच्या महिन्यात एका रिलीजसाठी रात्रभर जागत होतो. (रिलीज म्हणजे काय हे माहीत नसलेल्या सुदैवी लोकांसाठी: महिनाभर आम्ही जे काही करून ठेवलेलं असतं ते एका रात्रीत गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर चढवायचं आणि सकाळपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं.) अशा रात्री काम पंधरा मिनिटांचं आणि वाट बघणं पाच तासांचं. वाट बघताना मी 'कॉल ऑफ द व्हॅली' लावतो. बाबांकडे तिची कॅसेट होती, त्यामुळे ती सवय वारशात मिळालेली आहे.

तर ती संपली आणि ऑटोप्लेने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं. सनई. एक नाही, दोन. एकमेकींच्या मागे धावत असल्यासारख्या. आधी वाटलं जाहिरात लागली, कुठल्यातरी मंगल कार्यालयाची. तेवढ्यात आजी पाणी प्यायला उठली आणि हॉलच्या दारात उभी राहून म्हणाली, "कोणाचं लग्न आहे रे या वेळेला?"

लॅपटॉपचा आवाज कमी केला. सनई संपली आणि काहीही संबंध नसलेला, मूकपटाच्या थेटरात वाजावा तसा पियानो सुरू झाला. मग एखादं मिनिट तबला-पखवाज. मग संतूर. आणि इथे मात्र मी सरसावून बसलो, कारण हा हात मघाचाच! शिवकुमार शर्माच! स्क्रीनवर पाहिलं तर नाव होतं जॉर्ज हॅरिसनचं. अल्बम 'वंडरवॉल म्युझिक', साल 1968.

आता मी काही बीटल्सचा भक्त वगैरे नाही. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गिटार असलेला जो एक मुलगा प्रत्येक मजल्यावर असतो, त्याच्याकडून जेवढे कळले तेवढेच. तो मुलगा रोज रात्री ओअ‍ॅसिसचं 'वंडरवॉल' वाजवायचा, म्हणजे अख्खी विंग ते सहन करायची. त्या 1995 सालच्या गाण्याचं नाव या अल्बमवरून घेतलंय, हे मला त्या रात्री तीन वाजता कळलं. आणि मग वाचता वाचता कळलं की अल्बमचा मोठा भाग आपल्या फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवर रेकॉर्ड झालाय. रिलीज कधी झालं मला आठवत नाही. झालं बहुतेक व्यवस्थित.

गोष्ट अशी आहे. 1967 मधे जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाने 'वंडरवॉल' नावाचा सिनेमा केला. एक विसरभोळा एकटा शास्त्रज्ञ, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारा. त्याला एके दिवशी घराच्या भिंतीला भोक सापडतं आणि पलीकडे राहणारी मॉडेल दिसायला लागते (जेन बर्किन). मग तो भिंतीला आणखी भोकं पाडतो. संपला सिनेमा. आजच्या सोसायटीत त्याच्यावर पोलीस केस झाली असती, तेव्हा त्याला कला म्हणत. संवाद कमी, त्यामुळे संगीताला भरपूर मोकळी जागा. हॅरिसनला सांगण्यात आलं की तू जे देशील ते आम्ही वापरू. त्याने काय केलं, तर स्टॉपवॉच घेऊन सिनेमा पाहिला आणि कुठल्या प्रसंगाला किती सेकंदांचं संगीत हवं ते लिहून काढलं. मला ही रिक्वायरमेंट गोळा करायची पद्धत फारच आवडली. आमच्याकडे क्लायंट एवढं नेमकं सांगत नाही.

अर्धं काम त्याने लंडनमधे केलं, रेमो फोर नावाचा लिव्हरपूलचा बँड आणि जॉन बारहॅम नावाचा संगीत संयोजक हाताशी घेऊन. एका तुकड्यात एरिक क्लॅप्टनही गिटार वाजवून गेलाय. आणि उरलेल्या कामासाठी 1968 च्या जानेवारीत तो मुंबईला आला.

मुंबई त्याला नवी नव्हती. 1966 मधे तो रविशंकरांकडे सतार शिकायला येऊन ताजमधे राहिला होता, लोकांनी ओळखलं, गर्दी झाली, शेवटी काश्मीरला पळावं लागलं. तेव्हा रविशंकरांचे शिष्य शंभू दास त्याच्याकडून सराव करून घ्यायचे. 1968 मधे वादक गोळा करायला हेच शंभू दास उपयोगी पडले. स्टुडिओ एचएमव्हीचा, युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमधे. 9 जानेवारीपासून चार-पाच दिवस काम चाललं.

आणि या चार-पाच दिवसांत कोण कोण यावं! संतूरवर शिवकुमार शर्मा. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. सरोदवर अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खान. तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र. सनईला शरद कुमार आणि हनुमान जाधव (परदेशी कागदांवर त्यांचं 'जादेव' झालंय). सतारीवर शंकर घोष, इंद्रनील भट्टाचार्य आणि स्वतः शंभू दास, सुरबहारवर चंद्रशेखर, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाड. आणि बासरीलाच आणखी एक नाव: एस. आर. केंकरे. दामू केंकरे, विजय केंकरे यांच्यामुळे नाटकवाल्यांना हे आडनाव ओळखीचं. मला बीटल्सच्या यादीत केंकरे वाचून जो आनंद झाला तो मी इथे नीट सांगू शकत नाही. परदेशात विमानतळावर 'पाटील' असा बोर्ड दिसावा तसं काहीतरी.

त्यांची वयं मोजली (तीन वाजता माणूस काय काय करतो). हॅरिसन 24 वर्षांचा. आशिष खान 28. हरिप्रसाद 29. शिवकुमार शर्मा 13 जानेवारीला, म्हणजे बरोब्बर त्याच आठवड्यात, तिशीचे झाले. आमच्या टीमचं सरासरी वय हेच आहे. आम्ही त्या रात्री एका ड्रॉपडाऊनमधली राज्यांची नावं अल्फाबेटिकल करत होतो. असो.

आता स्टुडिओबद्दल. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. लंडनमधे तेव्हा चार ट्रॅकची यंत्रं सर्रास होती. मुंबईच्या स्टुडिओत फक्त मोनो. म्हणजे सगळे वादक एकदम वाजवणार आणि सगळं एकाच पट्टीत मिसळून जाणार. तेव्हा एचएमव्हीचे भास्कर मेनन (हेच पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले) यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मागवलं. डोळ्यांपुढे आणा: धूड यंत्र, खोक्यात बांधलेलं, हावड्याहून दोन रात्री गाडीत, आणि व्हीटीला हमालाच्या डोक्यावर. (हमाल माझा. पण कोणीतरी उचललं असणारच.) यंत्रापाशी बसलेले इंजिनिअर होते जे. पी. सेन आणि एस. एन. गुप्ता. आपल्या जमातीचे म्हणून ही नावंही मी लक्षात ठेवली आहेत.

स्टुडिओ ऑफिसांच्या वरच्या मजल्यावर आणि आवाज अडवायची सोय यथातथाच. हॅरिसनने नंतर सांगितलंय की साडेपाचला खालची ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवायला लागायचं, कारण जिना उतरणाऱ्या लोकांच्या पायांचा आवाज आत यायचा. आणि नीट कान देऊन ऐकलंत तर काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात.

हे वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी आजीला विचारलं, "आजोबा अडुसष्ट साली कुठे होते कामाला?"

"फोर्टात."

"फोर्टात कुठे?"

"हॉर्निमन सर्कलच्या जवळ. शिपिंग कंपनीत. आमचं लग्न सदुसष्टच्या मेमधलं, त्याआधीपासून तिथेच होते की."

"किती वाजता सुटायचे?"

"साडेपाचला. का रे?"

आजोबा मी दुसरीत असताना गेले. त्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग घरात नाही. फोटो आहेत पाच-सहा, त्यातल्या तिघांत ते कोणाच्यातरी लग्नात मागे उभे आहेत. त्यामुळे पुढचे दोन आठवडे मी जे केलं त्याला वेडेपणा म्हणा हवं तर. ऑफिसच्या कॉलसाठी घेतलेले नॉइज कॅन्सल करणारे हेडफोन लावून मी तो अल्बम नॉइज शोधण्यासाठी ऐकला. मला ठाऊक आहे की आजोबांचं ऑफिस त्या इमारतीत नव्हतं. मला हेही ठाऊक आहे की पायांचे आवाज येऊ नयेत म्हणूनच तर रेकॉर्डिंग थांबवत होते. पण टॅक्सी तर राहून गेल्या ना? ती टॅक्सी जाताना रस्त्यावर कोणीतरी कडेला झालंच असेल की.

शंभरदा ऐकल्यामुळे एक झालं. अल्बम कळायला लागला.

पहिल्यांदा ऐकताना तो नुसता गोंधळ वाटतो हे कबूल करतो. एकोणीस तुकडे, त्यातले बरेचसे एक-दीड मिनिटाचे. सनईनंतर पियानो, तारशहनाईनंतर माउथ ऑर्गनवर काऊबॉय छापाचं काहीतरी. शब्द जवळपास नाहीत. त्याला सायकेडेलिक म्हणतात. साठच्या दशकातल्या गोऱ्या पोरांना एलएसडी घेऊन जे ऐकू यायचं म्हणे त्या धाटणीचं. आणि या सायकेडेलिक आवाजातला मोठा वाटा काय, तर तानपुरा आणि सतार. म्हणजे जे ऐकून लंडनमधे लोकांच्या मेंदूची दारं उघडायची ते ऐकत आपल्याकडे लोक पंगतीत जिलबी वाढून घेतात. आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता.

पण गंमत अशी की हॅरिसनने इथल्या वादकांकडून काही चमत्कारिक वाजवून घेतलं नाही. ते त्यांचंच वाजवतात. 'गत किरवाणी' ही खरोखरच किरवाणीतली गत आहे (किरवाणी मूळचा कर्नाटक संगीतातला, आपल्याकडे वादकांनी लाडका करून घेतलेला). विचित्रपणा आहे तो शेजारामुळे. त्या गतीच्या आधी 'स्कीइंग' नावाचा तुकडा आहे, त्यात क्लॅप्टनची गिटार करवतीसारखी ओरडत असते, आणि ती थांबते न थांबते तोच सरोद सुरू. कुठेही 'आता भारतीय संगीत ऐका हं' असा दिवा लावून केलेला समारंभ नाही. 'लव्ह सीन'मधे आशिष खानांना आधी एक सरोद वाजवायला लावलं आणि मग तेच ऐकत त्यावर दुसरं. स्वतःचीच स्वतःशी जुगलबंदी. त्या सव्वाचार मिनिटांसाठी मी कुठलीही मीटिंग म्यूट करायला तयार आहे. 'क्राइंग'मधे तारशहनाई सव्वा मिनिट जी काही रडते ना, त्यानंतर सिनेमा बघायची गरज उरत नाही. (मी पाहिला. खरंच उरत नाही.)

सगळेच तुकडे भारी आहेत असं नाही. 'पार्टी सीकोम्ब' उगाच लांबलाय. 'ग्रीझी लेग्ज' न ऐकता गेलं तरी चालेल. 'ड्रीम सीन' मात्र अंधारात ऐका. साडेपाच मिनिटं, त्यात भारतीय गळे येतात, एक बाई, एक पुरुष, मग ते टेपच्या उलट्यासुलट्या आवाजांत विरघळत जातात. बीटल्सनी असला टेपांचा काला 'रेव्होल्यूशन 9'मधे केला त्याच्या काही महिने आधीचं हे काम.

मग एवढं असून हा अल्बम गेला कुठे? तारखा पाहिल्या की कळतं. ब्रिटनमधे तो आला 1 नोव्हेंबर 1968 ला. बीटल्सच्या कुठल्याही सदस्याचा पहिला स्वतंत्र अल्बम, त्यांच्या नव्या अ‍ॅपल कंपनीचाही पहिला. आणि 22 नोव्हेंबरला आला बीटल्सचा 'व्हाइट अल्बम'. तीन आठवडे! म्हणजे दिवाळी अंक दिवाळीच्या आदल्या रात्री काढण्यासारखं. ब्रिटनमधे हा यादीतही लागला नाही, अमेरिकेत 49 व्या क्रमांकापर्यंत पोचला. बीटल्सवाल्यांना यात गाणी सापडत नाहीत आणि आपल्या शास्त्रीयवाल्यांना दीड मिनिटात राग संपल्याचा राग येतो. 2014 मधे तो पुन्हा नीट स्वच्छ करून काढला, त्यात 'द इनर लाइट'चा गाणं नसलेला एक टेक जोडलाय. तेही याच फोर्टातल्या आठवड्यातलं. 12 जानेवारीला इथे वादन झालं, फेब्रुवारीत लंडनला त्यावर आवाज चढला आणि मार्चमधे ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. म्हणजे जगभर लाखो घरांत गेलेल्या त्या तबकडीची एक बाजू फिरोजशहा मेहता रोडवरची.

मला या अल्बमबद्दल एक गोष्ट टोचते आणि एक आवडते, आणि दोन्हीचं मूळ एकच आहे. नावं.

हे काम म्हणजे सरळसरळ ऑफशोअर प्रोजेक्ट. क्लायंट लंडनहून आला, वेळेचा तक्ता घेऊन, आठवड्याचं काम दिलं, टेपा घेऊन गेला. पुढचं मिक्सिंग तिकडे. मुखपृष्ठावर नाव क्लायंटचं. मी सहा वर्षं याच धंद्यात आहे. दोन वर्षांपूर्वी आठ महिने रखडून केलेलं एक मॉड्यूल डेमोला दाखवलं गेलं तेव्हा शेवटच्या स्लाइडवर तिकडच्या सगळ्यांची नावं होती आणि आमच्या सात जणांसाठी 'इंडिया टीम' एवढे दोन शब्द. आमच्या मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. म्यूटवर.

म्हणून मी या अल्बमची नावांची यादी जरा जास्तच बारकाईने वाचली. आणि ती आहे. वादकाचं नाव, पुढे वाद्य. केंकरे, बासरी. हे 1968 साली साधं नव्हतं. त्याच काळात हेच लोक हिंदी सिनेमाच्या गाण्यांना वाजवत होते. 'गाइड'मधल्या 'मोसे छल किये जाये'ला तबला शिवकुमार शर्मांचा आहे, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर ते कधी लिहिलं गेलं नाही. गायक, संगीतकार, गीतकार, संपलं. शे-दीडशे माणसं म्हणजे 'ऑर्केस्ट्रा'. इंडिया टीमच. 24 वर्षांच्या परक्या पोराने आठवड्याभरासाठी येऊन आपल्या वादकांची नावं छापली, आणि आपल्याकडे ती छापायचं कोणाला सुचत नव्हतं. हे वाचून मला अभिमान वाटावा की लाज, ते ठरत नाही.

आणि टोचतं ते हे की 'ड्रीम सीन'मधे गाणारी ती बाई आणि तो पुरुष यादीत नाहीत. वाद्यांची यादी झाली, गळे राहिले.

गेल्या शुक्रवारी घरून काम घेतलं (म्हणजे कुठून काम ते तुम्ही समजलात) आणि चारच्या हार्बरने सीएसएमटीला गेलो. शनिवारी गेलो असतो, पण मला ऑफिसं सुटताना बघायची होती. पी. एम. रोडवर एका पानवाल्याला विचारलं, इथे जुना स्टुडिओ कुठे होता. तो म्हणाला, पासपोर्ट फोटो? मग मी नाद सोडला आणि इमारतीसमोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. कानात 'इन द पार्क' लावलं. सव्वापाच. पाच पंचवीस. साडेपाच.

काही झालं नाही. म्हणजे लोक निघाले, पण एकेक दोनदोन करून, फोनमधे बघत. फोर्टातली कितीतरी ऑफिसं आता बीकेसीला गेलीत, आणि उरलेल्यांत साडेपाचला उठणारा माणूस म्हणजे राजीनामा दिलेला. जिना दणाणावा असं काही उरलेलं नाही. मी दहा मिनिटं थांबलो आणि त्याच रस्त्याने, आजोबा गेले असतील तसा, व्हीटीला चालत आलो. गाडीत मानखुर्दनंतर खाडीपूल लागला तेव्हा सनई चालू होती आणि पुलाच्या धडधडीत ती मुळीच ऐकू येत नव्हती.

घरी आल्यावर आजीला हेडफोन लावले. तिच्या अंबाड्यावरून ते नीट बसेनात, मी हाताने धरून उभा राहिलो. संतूर लावलं. म्हटलं, "आजी, नीट ऐक. मागे कुठे टॅक्सी ऐकू येते का सांग."

तिने डोळे मिटून पूर्ण चार मिनिटं ऐकलं. बोटांनी मांडीवर ठेका धरला होता. संपल्यावर हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"संतूर छान वाजवलंय," ती म्हणाली. "पण टॅक्सी कशाला शोधतोस? तुझे आजोबा कधी टॅक्सीत बसले होते?"